टेबलावर आलेलं पाकीट



संगीतकार फ्लॉरेन्स प्राइस हे नाव आज पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी थोड्यांनीच ऐकलं असेल. १८८७ साली अमेरिकेतल्या लिटल रॉक शहरात, एका कृष्णवर्णीय दंतवैद्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. बोस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीतून १९०६ मध्ये, तुमच्यासारख्याच, त्या शिकून बाहेर पडल्या. पुढे गावी परतून त्यांनी संसार थाटला. १९२७ साली लिटल रॉकमध्ये जमावाने एका कृष्णवर्णीय माणसाचा जीव घेतला आणि प्राइस कुटुंब शिकागोला निघून गेलं. तिथं संसार मोडला. पदरी दोन मुली. मूकपटांना ऑर्गनची साथ कर, रेडिओच्या जाहिरातींना चाली लाव, असं करत बाईंनी घर चालवलं आणि त्याच धबडग्यात पहिली सिंफनी लिहिली. १५ जून १९३३ रोजी शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्राने ती वाजवली. अमेरिकेतल्या आघाडीच्या वाद्यवृंदाने कृष्णवर्णीय स्त्रीची सिंफनी सादर करण्याची ती पहिलीच वेळ.

या सिंफनीचा तिसरा भाग अवश्य ऐका. तो अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गुलामांच्या जुबा नाचावर बांधलेला आहे. गुलामांना ढोल वाजवायची बंदी झाली, तेव्हा त्यांनी टाळ्या, मांडीवरच्या थापा आणि पायांचे आघात यांतून ठेका उभा केला. प्राइसबाईंनी तो ठेका सबंध वाद्यवृंदाच्या अंगात आणला. ऐकताना पाय स्थिर राहत नाहीत.

एवढं होऊनही दारं उघडली नाहीत. १९४३ मध्ये त्यांनी बोस्टनच्या वाद्यवृंदाचे नामवंत संचालक सर्ज कुसेवित्स्की यांना पत्र लिहिलं. आपण स्त्री आहोत, कृष्णवर्णीय आहोत, हे आडपडदा न ठेवता सांगितलं आणि रचना फक्त गुणांवर पारखा, एवढीच विनंती केली. कुसेवित्स्कींनी त्यांची एकही रचना वाजवली नाही. बाई लिहीत राहिल्या. १९५३ साली त्या गेल्या.

२००९ मध्ये इलिनॉयमधल्या सेंट ॲन गावी एक पडकं घर सापडलं. ते त्यांचं उन्हाळी घर होतं. झाड पडून छपराला भगदाड पडलेलं. पण कोरड्या राहिलेल्या भागात हस्तलिखितांचे गठ्ठे होते. त्यांत दोन व्हायोलिन कन्चेर्टो आणि १९४५ची चौथी सिंफनी होती. ती सिंफनी पहिल्यांदा वाजली २०१८ साली!

प्राइसबाई 'विस्मृतीत गेल्या' असं लिहिलेलं वाचलं की मला राग येतो. गायिका मारियन अँडरसन त्यांची गाणी गात होत्या, शिकागोचे कृष्णवर्णीय कलावंत त्यांना मानत होते. ज्यांच्या हाती मोठी व्यासपीठं होती, त्यांनी मान वर करून पाहिलं नाही, इतकंच.

मित्रहो, उद्या तुमच्यातलं कुणी निवड समितीवर बसेल, कुणी संपादक होईल, कुणी संस्था चालवेल. टेबलावर अनोळखी नावाचं पाकीट येईल. शिफारसपत्र नसेल, आडनाव ओळखीचं नसेल. ते बाजूला सारू नका. उघडा, शेवटच्या पानापर्यंत वाचा आणि उत्तर त्याच आठवड्यात पाठवा.