परतीची वाट आपण बांधायची आहे

(बारामती व इंदापूर परिसरातील विद्यार्थी-पालकांपुढे केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



समुद्रोल्लंघन केल्यास धर्म बुडतो, असे मानणारा समाज आपणच होतो. आज त्याच समाजात मुलाला परदेशी पाठविण्यासाठी राहते घर तारण ठेवले जाते. दोन्ही वेळा आपण एकच चूक करतो. जाणे हेच पाप किंवा जाणे हेच पुण्य असे ठरवून मोकळे होतो. गेल्यावर काय करायचे, हा प्रश्न तसाच राहतो.

पंडित श्यामजी कृष्णवर्मा यांनी १९०५ साली भारतीय तरुणांसाठी शिष्यवृत्त्या जाहीर केल्या, तेव्हा इंग्रज सरकारची नोकरी स्वीकारणार नाही, अशी अट घातली होती. स्वातंत्र्यवीर सावरकर १९०६ साली लंडनला गेले ते अशाच शिष्यवृत्तीवर. विद्या कोठूनही घ्यावी, निष्ठा मात्र गहाण टाकू नये, एवढाच त्या अटीचा अर्थ.

शंतनुराव किर्लोस्कर अमेरिकेतील एमआयटीतून १९२६ साली अभियंता झाले आणि किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात येऊन उभे राहिले. पुढे किर्लोस्करांचे डिझेल इंजिन महाराष्ट्रातील विहिरी-विहिरींवर धडधडू लागले. अमेरिकेत शिकलेले यंत्रशास्त्र असे मराठी शेतकऱ्याच्या पाटात उतरले. इरावतीबाई कर्वे यांनी बर्लिनला डॉक्टरेट मिळवली आणि परत येऊन महाराष्ट्राची माणसे, त्यांची नातीगोती व वारी यांचा अभ्यास केला.

फार लांब कशाला, शेजारच्या फलटणला जाऊन पाहा. अमेरिकेत शेतीशास्त्र शिकून आलेल्या बनबिहारी निंबकरांनी १९६८ साली तेथे संशोधन संस्था उभारली. फ्लोरिडा विद्यापीठात डॉक्टरेट मिळविलेले अनिल राजवंशी १९८१ साली तेथील सुखवस्तू आयुष्य सोडून तिथे आले. ते मूळचे उत्तर प्रदेशचे. पण त्यांनी कर्मभूमी मानली ती फलटणसारख्या लहान गावाला. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. जुळी कोकरे देणारी ‘नारी सुवर्ण’ मेंढी याच संस्थेची देणगी आहे. मेंढपाळांच्या आपल्या भागाला तिचे मोल मी सांगायला नको.

मग जे परतले नाहीत, ते सारे स्वार्थी म्हणायचे काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले, गदर चळवळीत उतरले, आणि मायदेशाची दारे इंग्रजांनी बंद केली म्हणून मेक्सिकोत राहिले. तेथे त्यांनी मक्यावर संशोधन केले, गरीब शेतकऱ्यांसाठी शेतीशाळा काढल्या. दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात स्थान दिले. देश स्वतंत्र झाल्यावरही इंग्रजांच्या जुन्या बंदीमुळे त्यांच्या परतीत अडथळा आला. अखेर ते आले आणि १९६७ साली नागपुरात त्यांचा देहान्त झाला. माणूस देशाबाहेर राहिला म्हणजे देश त्याच्यातून गेला, असे होत नाही.

आता थोडे व्यवहाराचे. पालकांनी आकडे नीट समजून घ्यावेत. अमेरिकेत पदवीनंतर एक वर्ष, आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांत आणखी दोन वर्षे काम करता येते. पुढचा एच-१बी व्हिसा ही सोडत आहे. वर्षाला ८५ हजारांची मर्यादा आणि अर्जदार त्याहून कितीतरी अधिक. सप्टेंबर २०२५ मध्ये तेथील सरकारने परदेशातून होणाऱ्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लादले. म्हणजे ‘शिकेल, राहील, डॉलरमध्ये कर्ज फेडेल’ हे गणित परक्या सरकारच्या एका सहीने मोडू शकते. मुलगा तिकडे तळमळतो आणि हप्ता इकडे बापाच्या उसाच्या बिलातून जातो. म्हणून हिशेब असा करा, की मुलाला उद्या परत यावे लागले तरी घर उभे राहिले पाहिजे. एवढी कुवत असेल, तर खुशाल पाठवा.

आणि परत येणे म्हणजे हरणे, ही समजूत पहिल्यांदा घरातून घालवा. परत आलेल्या मुलाला ‘तिकडे जमले नाही वाटते?’ असे विचारणारे आपणच असतो. ज्ञान परदेशातच पिकते, हेही खरे नव्हे. इंदापूर तालुक्यातील माळावर शेठ वालचंद हिराचंदांनी १९३०च्या दशकात वालचंदनगर वसवले. तेथील कारखान्याने पुढे इस्रोच्या अग्निबाणांसाठी भाग घडवले. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात डच सहकार्याने भाजीपाल्याचे केंद्र उभे आहे. तेथेच ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या साहाय्याने उसाच्या शेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग झाले. जग आपल्या बांधावर येत असताना, आपल्या मुलाला या बांधावर काम नाही असे कसे म्हणता येईल?

तरुण मित्रांनो, जा. मन लावून शिका. तिकडे राहिलात, तरी आपल्या गावच्या एका शाळेचे, एका प्रयोगशाळेचे, एका होतकरू विद्यार्थ्याचे ऋण अंगावर घ्या. घरी मराठी बोला. आई-वडिलांना नुसते पैसे पाठवून पितृऋण फिटत नाही. त्यांच्या दुखण्याखुपण्यात जवळ कोण असेल, हे जाण्यापूर्वीच भावंडांशी बसून ठरवा.

आणि आपण जाणत्या मंडळींनी देशप्रेमाचे उपदेश थोडे कमी करून परतणाऱ्यांसाठी कामाच्या जागा वाढवाव्यात. साखर कारखाने, दूध संघ, महाविद्यालये यांच्यापैकी प्रत्येकाने परदेशी शिकून आलेल्या एकाला जरी जबाबदारीचे काम दिले, त्याच्या कामात सोयऱ्याधायऱ्यांची लुडबूड होऊ दिली नाही, तरी पुष्कळ होईल. पाखरांना घरट्याकडे या म्हणून सांगण्याआधी, झाड जागेवर आहे ना, हे पाहणे आपले काम आहे.