राजाचं रान, गव्यांचं घर

अल्फारेटात अंगणात हरीण आलं की आमच्या मराठी शाळेतली मुलं हरखून जातात. मग आम्ही त्यांना दाजीपूरची गोष्ट सांगतो. राधानगरी तालुक्यातलं हे घनदाट जंगल म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपतींचं शिकारीसाठी राखलेलं रान. १९५८ साली त्याचं गव्यांसाठी अभयारण्य झालं. २०१२ मध्ये राधानगरी अभयारण्य पश्चिम घाटासोबत जागतिक वारशाच्या यादीत आलं. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या राधानगरी धरणात याच डोंगरांचं पाणी साठतं.

रान राखायचं म्हणजे भोवतालच्या वाड्यावस्त्यांच्या सरपणावर, चराईवर बंधनं आलीच. ती झळ गावकऱ्यांनी सोसली. मुलांना राजाची गोष्ट सांगताना त्यांचीही सांगू या.