सुमती मोरारजी आणि सिंदियाची जहाजे

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी विषय दिला, उद्योग-व्यापार करणारी कोणतीही एक स्त्री. मी सुमती मोरारजी हे नाव कळवले, तसा संध्याकाळी एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांचा फोन आला. "बेटा, हजरत खदीजांवर बोलला असतास तर?" त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. पण खदीजांवर बोलायला माझ्यापेक्षा जाणकार लोक या सभागृहात बसले आहेत. शिवाय मला असे वाटते की खदीजांचे नाव आपण इतक्या आदराने घेतो, की त्या मक्क्यातल्या मोठ्या व्यापारी होत्या, माणसे नेमून सीरियाकडे माल पाठवत होत्या, हे वाक्य आपल्या तोंडातून निघते पण डोक्यात शिरत नाही. चौदाशे वर्षांचे अंतर आड येते. सुमतीबेन १९९८ साली वारल्या. इथे बसलेले काहीजण तेव्हा जन्मलेले होते.

आणि एक खासगी कारणही आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, गेली काही वर्षे बंदरातल्या कंटेनरचा हिशेब ठेवणाऱ्या प्रणालीवर काम करतो. कोणता डबा कोणत्या जहाजावर, कोणत्या थरात, कोणाच्या नावाने. माझे दादा दापोलीकडचे, उभी हयात जहाजावर खलाशी होते. आमच्या किनाऱ्यावरच्या किती घरांतली माणसे सारंग, तांडेल, सुखाणी म्हणून गेली हे तुम्हाला सांगायला नको. जहाज हा शब्द आमच्या घरात 'नोकरी' या अर्थाने वापरला जायचा. 'अब्बा जहाजावर आहेत', म्हणजे पगार येतो आहे. त्या जहाजांचे मालक कोण, हे मात्र दादांच्या बोलण्यात क्वचितच यायचे. मालक म्हणजे गोरा साहेब, एवढेच गृहीत धरलेले असायचे.

एक मालक गोरा नव्हता, आणि पुढे तर ती बाई होती.

सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी १९१९ साली मुंबईत उभी राहिली. वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास ही चार नावे. त्यांनी ग्वाल्हेरच्या महाराजांकडून एक जुने जहाज घेतले, 'लॉयल्टी'. पहिल्या महायुद्धात ते इस्पितळाचे जहाज म्हणून वापरले होते. कंपनीचे नावही ग्वाल्हेरच्या शिंद्यांवरूनच पडले. ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाले. आज ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिवस म्हणून पाळतात तो त्यामुळे.

त्या काळी समुद्र ब्रिटिश कंपन्यांच्या मुठीत होता. त्यांची युक्ती समजून घ्या, कारण आजच्या ॲपवाल्या कंपन्याही जवळपास तेच करतात. व्यापाऱ्याने पूर्ण भाडे भरायचे, आणि त्यातला काही भाग काही महिन्यांनी परत मिळायचा, पण अट ही की मधल्या काळात त्याने एकही पेटी दुसऱ्या कंपनीच्या जहाजातून पाठवता कामा नये. पाठवली तर साचलेली सवलत बुडाली. म्हणजे व्यापाऱ्याचेच पैसे ओलीस. त्यावर भागले नाही तर भाडे इतके पाडायचे की नवा माणूस दिवाळखोरीत जावा. अशा धंद्यात सुमतीबेन सून म्हणून आल्या.

त्यांचा जन्म १९०९ चा, मुंबईतल्या श्रीमंत गिरणीमालक घरातला. वडील मथुरादास गोकुळदास. माहेरचे नाव जमुना. त्या वेळच्या रिवाजाप्रमाणे अगदी लहान वयात नरोत्तम मोरारजींचे चिरंजीव शांतिकुमार यांच्याशी लग्न झाले आणि सासरी नाव सुमती झाले. इथपर्यंत ही गोष्ट त्या काळातल्या हजार मुलींची आहे. नाव बदलले, घर बदलले, कोणी विचारले नाही.

पुढचे मात्र वेगळे. तरुण वयातच सासरच्यांनी तिला मॅनेजिंग एजन्सीत घेतले. हा शब्द आता वापरात नाही, म्हणून सांगतो. कंपनीचे भागधारक पुष्कळ असत, पण कारभार करायचा करार एखाद्या घराण्याच्या पेढीशी केलेला असे आणि त्या पेढीला कमिशन मिळे. १९७० मध्ये ही पद्धत कायद्याने बंद झाली. खरी सत्ता या पेढीत असायची. त्या टेबलावर सुनेला खुर्ची मिळाली. मी मुद्दाम खुर्ची म्हणतो. पुष्कळ घरांत प्राप्तिकरासाठी बायकोचे नाव भागीदारीत असते आणि ती बिचारी चहा घेऊन येते. सुमतीबेन कारभार शिकल्या. १९४६ साली कंपनीची धुरा त्यांच्याकडे आली तेव्हा सहा हजारांवर माणसे कामाला होती. १९५६ मध्ये भारतीय जहाजमालकांच्या संघटनेने त्यांना अध्यक्ष केले. अशा संघटनेचे अध्यक्षपद मिळालेली जगातली पहिली स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतात. १९७१ साली पद्मविभूषण मिळाले.

त्यांना आयते मिळाले, असे कोणी म्हणेल. बरोबर आहे, मिळालेच. गिरणीमालकाची मुलगी, जहाजमालकाची सून. पण आयते तर त्या वर्गातल्या अनेकींना मिळाले होते, आणि त्यांतल्या फारच थोड्या गोदीवर जाऊन बसल्या.

घर आणि देशकार्य यांची फारशी फारकत त्या घरात नव्हती. गांधीजी १९२४ मध्ये तुरुंगातून सुटून आजारपणानंतर जुहूला राहिले ते नरोत्तम मोरारजींच्या बंगल्यात. १९४४ च्या मे महिन्यात आगाखान पॅलेसमधून सुटले, कस्तुरबांना तिथेच अग्नी देऊन आले होते, तेव्हाही जुहूला शांतिकुमारांकडे उतरले. घरात कोण उतरते याची नोंद सरकार ठेवत असते हे त्या घराला ठाऊक होते. १९४२ नंतर सुमतीबेनचा भूमिगत चळवळीशी संबंध होता. म्हणजे ज्या सरकारच्या परवान्यावर आणि युद्धकाळातल्या हुकमावर जहाजे चालत, त्याच्याच विरोधात. पुढे जुहूला त्यांनी शाळा काढली, ती त्यांच्या नावाने ओळखली जाते.

आता जो भाग मला सगळ्यात जास्त सांगायचा आहे, तो.

१९३७ साली सिंदियाने हजयात्रेच्या वाहतुकीत उडी घेतली. तोवर मुंबईहून जिद्दाला जाणारे हाजी प्रामुख्याने मुघल लाइनच्या जहाजांनी जात. नाव मुघल, पण कारभार इंग्रजी पेढीचा. सिंदियाने खास हाजींसाठी जहाजे बांधून घेतली, 'अल् मदिना' आणि 'अल् हिंद'. लगेच भाड्याचे युद्ध पेटले आणि तिकिटे घसरली. डेकवर चटई टाकून, सोबत तांदळाचे पोते आणि लोणच्याची बरणी घेऊन जाणाऱ्या गरीब हाजीला ते युद्ध फार मानवले असणार! नंतर सरकार मध्ये पडले, आणि सिंदियाला ही वाहतूक फार काळ करता आली नाही.

दोन्ही जहाजांचा शेवट ऐकण्यासारखा आहे. महायुद्धात 'अल् मदिना' सैनिक वाहू लागले. मार्च १९४४ मध्ये बंगालच्या उपसागरात जपानी पाणबुडीने ते बुडवले, शेकडो माणसे गेली. त्याला महिना होतो न होतो तोच १४ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये दारूगोळ्याने भरलेल्या 'फोर्ट स्टिकीन'चा स्फोट झाला. तिथे उभे असलेले 'अल् हिंद' जळून गेले. ज्यांच्या नावात मदिना आणि हिंद होते ती दोन्ही जहाजे एका महिन्यात संपली.

हज लाइन सुरू करण्याचा निर्णय सुमतीबेनचा होता असे मी म्हणणार नाही. तेव्हा कंपनीचे सूत्रधार वालचंद होते. पण ज्या पेढीत त्या काम शिकत होत्या, तिथल्या हिशेबाच्या वह्यांत हाजींची तिकिटे होती. त्या स्वतः निष्ठावान वैष्णव, कृष्णभक्त. पुढे १९६५ साली त्यांच्याकडे एक वृद्ध संन्यासी आले, भक्तिवेदांत स्वामी. त्यांना अमेरिकेत जाऊन कृष्णभक्तीचा प्रसार करायचा होता, खिशात पैसे नव्हते. सुमतीबेन आधी नको म्हणाल्या, या वयात परक्या थंडीत तुम्ही टिकणार नाही. स्वामी हटेनात. शेवटी 'जलदूत' या मालवाहू जहाजावर त्यांना मोफत जागा मिळाली. १३ ऑगस्टला कलकत्त्याहून निघाले, वाटेत दोनदा हृदयविकाराचे झटके आले, १९ सप्टेंबरला न्यूयॉर्कला उतरले. पुढच्या वर्षी तिथे 'इस्कॉन' स्थापन झाले. आज जगभर ज्या संस्थेची मंदिरे आहेत, तिची सुरुवात एका मालवाहू जहाजातल्या फुकट तिकिटाने झाली.

जुहूचे मंदिर आपल्यापैकी अनेकांनी बाहेरून पाहिले असेल. त्याच्यामागे सिंदिया आहे हे मलाही उशिराच कळले. ज्या कंपनीने हाजींना जिद्दाला नेले, तिनेच स्वामींना न्यूयॉर्कला नेले. एका प्रवासात धंदा होता, दुसऱ्यात भक्ती. मला विचाराल तर धंद्याच्या पहिल्या प्रवासाबद्दल जास्त आदर वाटतो. आपल्याच धर्माच्या संन्याशाला मदत करणे स्वाभाविक आहे. दुसऱ्याच्या तीर्थयात्रेसाठी जहाजच बांधून घ्यायचे, त्यात वजूची, नमाजाची, स्वयंपाकाची गरज काय असते हे विचारात घ्यायचे, आणि त्यातून रास्त नफाही मिळवायचा, याला शेजारधर्म म्हणायला माझी हरकत नाही. शेजारधर्म नेहमी फुकटच असला पाहिजे असे थोडेच आहे?

कंपनीचे पुढे काय झाले, हे लपवून ठेवले तर हे भाषण जाहिरात होईल. सत्तर-ऐंशीच्या दशकांत जगभरच्या जहाजधंद्यावर मंदी आली. कर्ज काढून घेतलेली जहाजे, पडलेली भाडी, वर व्याज. सिंदिया सरकारी कर्जात रुतली आणि १९८७ मध्ये कारभार सुमतीबेनच्या हातून गेला. वय तेव्हा ७८. त्यानंतर काही वर्षे त्या सन्माननीय अध्यक्ष होत्या, म्हणजे नाव होते, सुकाणू नव्हते. एके काळी ज्या कंपनीने विशाखापट्टणमला गोदी उभारली, आणि त्या गोदीतून नेहरूंच्या हस्ते १९४८ मध्ये 'जलउषा' पाण्यात सोडले गेले, तिची ही अवस्था त्यांनी डोळ्यांनी पाहिली. कोणी म्हणतात कारभार जुन्या वळणाचा राहिला. तसे असेलही. पण त्या मंदीत पुरुषांनी चालवलेल्या किती कंपन्या जगभर बुडाल्या, आणि त्यांच्याबद्दल "पुरुषाला धंदा कळत नाही" असे कोणी म्हणाले नाही.

आता आपल्या घरात या.

कोकणातल्या मुस्लिम घरांत पुरुष आधी जहाजावर, मग आखातात. घर, कलमे, भाताची खाचरे, कर्ज, कोर्टकचेरी, मुलांच्या फिया, हे सगळे चालवले कोणी? माझी दादी मजुरांचे हिशेब तोंडी ठेवायची आणि आंब्याचा दलाल तिच्यापुढे आवाज चढवत नसे. तिला कोणी व्यावसायिक म्हणाले नाही. सातबाऱ्यावर तिचे नाव कधीच नव्हते. माझ्या फुफीचे तर आले आणि गेले. दादांच्या इंतकालानंतर वारस म्हणून नाव लागले, आणि दोन महिन्यांत तहसील कचेरीत तिच्याकडून हक्कसोड पत्रावर सही घेतली. बदल्यात एक साडी आणि "माहेर तुझेच आहे" हे वाक्य. आज ती विधवा आहे, शिवणकाम करते, आणि मशीन घ्यायला कर्ज मागायला गेली तर तारण काय, असे विचारतात.

सूरह निसाने मुलीचा वाटा ठरवून दिला. तो थोडा का असेना, पण ठरवून दिला. ती कोणाची मेहेरबानी नाही. १९३७ साली, 'अल् मदिना' जहाज बांधले गेले त्याच वर्षी, शरियत कायदा झाला आणि त्यातून शेतजमीन वगळली गेली. कशी वगळली, कोणाच्या फायद्याची होती, हा वेगळा विषय आहे आणि त्यावर आपण भांडले पाहिजे. पण जिथे कायदा आडवा येत नाही, राहते घर, दुकान, बँकेतली ठेव, तिथेही आपण बहिणींकडून सह्या घेतोच की. शरियतच्या बाजूने मोर्चे काढणारे किती घरांत हा वाटा देतात, याचा हिशेब मशिदीतल्या जमातीने एकदा घ्यावा.

मोरारजींच्या घरावर कुराणाचा हुकूम नव्हता. तरी त्यांनी सुनेला कारभारात घेतले आणि तिने पन्नासएक वर्षे तो केला. आपल्यावर हुकूम आहे.

माझ्या बहिणीने या वर्षी खाऱ्या मासळीचा आणि कोकमाचा व्यवसाय सुरू केला, अब्बांच्या जुन्या गोदामात. गोदामाचे कागद तिच्या नावे करायला अब्बा तयार झाले आहेत. चाचांना ते मान्य नाही आणि ईदला घरात यावरून बरेच वाजले. अजून मिटलेले नाही. मिटले की सांगेन.

दुपारच्या सत्रात वकीलबाई वारसनोंद आणि हक्कसोड यांवर बोलणार आहेत. ज्यांनी सातबारा किंवा घराचा उतारा आणला असेल त्यांनी तो हातात घेऊन पुढच्या रांगेत बसा, त्या एकेक पाहणार आहेत. तोवर दहा मिनिटे आहेत. प्रश्न असतील तर विचारा. बहिणींचे आधी.