विद्यार्थ्याच्या दोन वेळच्या जेवणाचा प्रश्न



महाविद्यालयाचे दार खुले झाले म्हणजे उच्च शिक्षण सर्वांना मिळाले, असा समज सहज होतो. परंतु खेड्यातून शहरात आलेल्या विद्यार्थ्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो पुस्तकांचा नव्हे. राहावयाचे कोठे आणि जेवावयाचे काय, हा. त्याचे उत्तर न मिळाल्यास हुशार मुलगाही निमूटपणे गावी परततो. हजेरीपटावर मात्र तो केवळ ‘गैरहजर’ असतो.

महाराष्ट्रात हा प्रश्न फार पूर्वीच ओळखला गेला. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि पुढे निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांची मालिकाच उभी राहिली. त्याच कोल्हापुरात शिकलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. त्यांच्या साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसत आणि स्वयंपाकापासून शेतीपर्यंतची कामे स्वतः करीत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग’ असे नामकरण झाले. मुलांच्या जेवणाची भ्रांत पडली, तेव्हा लक्ष्मीबाई पाटील यांनी आपले दागिने, अखेर मंगळसूत्रही दिले.

१९४७ मध्ये साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले, ते ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. गरीब विद्यार्थ्यास उपकाराचे ओझे न वाटता श्रमाच्या बळावर पदवी घेता यावी, हा त्यामागील विचार होय. शाहू बोर्डिंगमध्ये वाढलेले बॅ. पी. जी. पाटील पुढे याच महाविद्यालयाचे प्राचार्य व नंतर शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. वसतिगृहातील पंक्तीचे मोल यावरून ध्यानी यावे.

आज शासनानेही ही जबाबदारी अंगीकारली आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, तर आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. भोजन, निवास व निर्वाह यांसाठीची रक्कम विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होते. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनाही याच हेतूची आहे.

तथापि, योजना कागदावर असणे आणि ताटात अन्न पडणे यांत अंतर असते. उत्पन्नाचा वा जातीचा दाखला महिनाभर रखडला, तर खाणावळीचे बिल थांबत नाही. भत्ता सत्राच्या अखेरीस हाती आला, तर तोवर विद्यार्थ्याने कर्ज तरी काढलेले असते किंवा शिक्षण तरी सोडलेले असते. म्हणून दाखला वेळेवर देणारा कर्मचारी, गावातील बारावी उत्तीर्ण मुलामुलींना या योजनांची माहिती देणारा पंचायत सदस्य, आणि वर्गात वरचेवर गैरहजर राहणाऱ्या विद्यार्थ्यास एकांतात ‘जेवलास का?’ असे विचारणारा प्राध्यापक, हे तिघेही उच्च शिक्षणाचेच कार्य करीत असतात.

असे विचारताना विद्यार्थ्याच्या स्वाभिमानास धक्का लागता कामा नये, हे पथ्य मात्र कसोशीने पाळावयास हवे. ज्ञानाची भूक भागविण्यापूर्वी पोटाची भूक भागली पाहिजे. कर्मवीरांनी हे आचरणातून दाखविले. तो वारसा पुढे चालविणे आता सर्वांच्या हाती आहे.