कोळसा आणि आंच

वाशिष्ठी नदी दाभोळपाशीं समुद्रास मिळते. तेथील डोंगरउतारांवर जांभ्याची तांबडी, आम्लधर्मी माती आहे. कोंकणचा पाऊस तिच्यांतील पोषक द्रव्यें दरसाल धुऊन नेतो. भाताच्या रोपांसाठीं राब भाजण्याची चाल तिकडे जुनी आहे; परंतु उघड्यावर पाला जळला म्हणजे बहुतेक राखच उरते. तेंच भाताचें तूस किंवा नारळाची करवंटी हवा कोंडून तापविली, तर कोळसा उरतो आणि तो मातींत दीर्घकाळ टिकतो.

मात्र सर्व कोळसा एकाच गुणाचा नसतो. सुमारें ३५० अंशांवर भाजलेल्या कोळशाच्या पृष्ठभागावर प्राणवायुयुक्त अणुसमूह शिल्लक राहतात. पालाश, चुना व अमोनिया यांना ते धरून ठेवतात. आंच ६०० ते ७०० अंशांवर गेली कीं हे समूह गळतात. उलट, छिद्रांत अडकलेलीं डांबरासारखीं द्रव्यें उडून जातात, पृष्ठभागाचें क्षेत्रफळ अनेक पटींनी वाढतें, कोळशाचा अल्कधर्म वाढतो आणि वजन घटतें.

म्हणून पाणी शुद्ध करण्यास कडक आंचेचा कोळसा योग्य. पहिल्या महायुद्धांत विषारी वायूपासून सैनिकांना वांचविणाऱ्या मुखवट्यांत करवंटीचा कोळसा वापरला गेला, तो याच गुणामुळें. खत धरून ठेवावयाचें असेल, तर मंद आंच बरी. ताजा कोळसा प्रथम मातींतील नत्रच अडवूं शकतो. यास्तव तो शेणकाल्यांत भिजवून मग शेतांत घालावा. आंच ओळखली नाहीं, तर शेतकऱ्याचे श्रम व्यर्थ जातात.