भाडेकराराचा कागद आधी, रूम नंतर

मागच्या एपिसोडनंतर एक प्रश्न सारखा येतोय. "दादा, आम्ही भाड्यानं राहतो, कमाई कमी आहे, सरकार भाड्यासाठी काही देतं का?"

सरळ उत्तर देतो. तुम्ही एमआयडीसीत स्टील कंपनीत कामाला असाल, मोंढ्यात हमाली करत असाल, तर दर महिन्याचं भाडं तुमच्या खात्यात टाकणारी योजना नाही. पंतप्रधान आवास योजना शहरी २.० मध्ये भाड्याच्या घरांचा एक भाग आहे, पण तो घरं उभी करण्यासाठी आहे. तुम्ही आज ज्या खोलीत राहता तिचं भाडं त्यातून निघत नाही.

पण विद्यार्थी असाल तर गोष्ट वेगळी. अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर, कुठून कुठून पोरं जालन्यात येऊन रूम करून शिकतात. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही, तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी 'भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना' आहे. जानेवारी २०१७ च्या शासन निर्णयानं सुरू झाली. आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. ओबीसी, भटके विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गाला बारावीनंतरच्या शिक्षणासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, तिला जिल्ह्यामागे ६०० विद्यार्थ्यांची मर्यादा आहे. मराठा मुलांनी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना बघावी. अटी प्रत्येकीच्या वेगळ्या आहेत. आज मी स्वाधारवर बोलतो, कारण मी सगळ्यात जास्त फॉर्म तिचेच भरून दिलेत.

पैसे किती? जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला ४३,०००. त्यात जेवणाचे २५,०००, राहण्याचे १२,००० आणि निर्वाह भत्ता ६,०००. संभाजीनगरला शिकत असाल तर एकूण ५१,०००, मुंबई-पुण्यात ६०,०००. घरचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं, आधीच्या परीक्षेत ५० टक्के हवेत, कॉलेजात ७५ टक्के हजेरी हवी, आणि तुम्ही त्याच शहराचे रहिवासी नसावेत.

आता जरा हिशोब करा. राहण्याचे १२,००० म्हणजे महिन्याला १,०००. जालन्यात एकट्याला हजार रुपयांत बरी रूम मिळते का? नाही. म्हणजे पार्टनर आलेच. समजा ३,००० ची रूम आणि तिघीजणी. तेव्हा कुठं हिशोब बसतो. आणि खरी अडचण इथूनच सुरू होते. अर्जाला भाडेकरार लागतो, आणि तो बहुतेक वेळा एकीच्याच नावानं केलेला असतो. बाकीच्या दोघींनी काय जोडायचं? त्यामुळं करारात तिघींची नावं, तिघींचे आधार नंबर, तिघींच्या सह्या पाहिजेत. हे पहिल्या दिवशीच करून घ्या. नंतर घरमालक ऐकत नाही.

खरं तर बरेच मालक पहिल्या दिवशीही ऐकत नाहीत. गेल्या वर्षी घनसावंगीकडची एक पोरगी आली माझ्याकडे. दाखले सगळे तयार, बोनाफाईड तयार, फक्त करार नाही. तिच्यासोबत मालकीणबाईंकडे गेलो. बाई स्वभावानं चांगल्या, पोरीला सणाला पुरणपोळी देणाऱ्या. पण कागद म्हटला की, "नको रे बाबा. उद्या हिनं खोली सोडलीच नाही तर? आणि टॅक्सवाले मागं लागले तर?"

मी म्हटलं, "मावशी, उलट आहे. कागद नसला तर तुम्हालाच त्रास."

आणि हे मी त्यांना पटवायला बनवून सांगितलं नव्हतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. त्याचं कलम ५५ म्हणतं की करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची. करार नोंदवला नाही आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते धरलं जातं, समोरून पुरावा येईपर्यंत. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. याउलट अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार असेल, तर मुदत संपली की खोली परत मागण्याचा रस्ता कलम २४ नं मालकाला मोकळा करून दिलाय. मावशींना कलम-बिलम काही नको होतं. "अकरा महिन्यांनी संपतो ना कागद?" एवढंच दोनदा विचारलं आणि सही केली.

खर्चाचं सांगतो. शहरात नोंदणी फी १,००० रुपये, मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का. नोंदणी ऑनलाइन होते, एजंट लावला तर त्याचे वेगळे. एकट्यानं भरायचं तर राहण्याचा एक महिन्याचा पैसा यातच गेला, हे मला अजिबात पटत नाही. गरिबाला मदत घ्यायला आधी खिशातून घालावे लागतात. तिघींत वाटली तर फी साडेतीनशेच्या आत येते. काही ठिकाणी नोटरी केलेला करारही घेतात, म्हणून आधी समाज कल्याणच्या कार्यालयात जाऊन विचारा आणि मगच पैसे घाला. शपथपत्राला ५०० चा स्टॅम्प मागितला, तर नम्रपणे सांगा की सरकारी कार्यालयात द्यायच्या शपथपत्राला २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे.

आणखी दोन गोष्टी, ज्यांवर फॉर्म अडकतात. एक, रूमचा पत्ता आधार कार्डावर टाकू नका. गावाचाच राहू द्या, नाहीतर तुम्ही जालन्याचेच रहिवासी दिसता. दोन, पैसे आधारला शेवटी जोडलेल्या बँक खात्यात जातात. मधे मोबाइलवरून एखादं नवीन खातं उघडलं असेल तर जुन्या पासबुकात शोधत बसाल.

आणि भाडं दर महिन्याला द्यावं लागतं, स्वाधारचे पैसे मात्र दर महिन्याला येत नाहीत. उशीर होतो, त्यासाठी पोरांनी आंदोलनंही केलीत. म्हणून मालकाला "स्वाधार आलं की देतो" असं कबूल करू नका. मेसवाल्यालाही नको. मेसच्या पावत्या मात्र दर महिन्याला मागून घ्या, वर्षाच्या शेवटी एकदम मागितल्या तर तो कंटाळा करतो.

एका श्रोत्यानं विचारलंय, मध्येच रूम बदलली तर? नवा करार करा, जुन्याची प्रत फेकू नका आणि कार्यालयात लेखी कळवा. अर्जाची पोच घेतल्याशिवाय तिथून निघू नका.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.