पाणी कोणाच्या हातचे?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आमच्या देवळाली प्रवरा गावाच्या नावातच नदी आहे. प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले आणि पाटाच्या पाण्याने या पट्ट्याचे रूप पालटले. आमच्याकडे दोन शेतकरी भेटले की ख्यालीखुशालीच्या आधी 'आवर्तन कधी सुटणार?' असे विचारतात. अशा गावातला माणूस कोणत्याही धर्माचे पुस्तक उघडो, त्याला त्यात आधी पाणी दिसते.

मी मुसलमान घरातला. नमाजाच्या आधी वजू करायचा, म्हणजे हात, तोंड, पाय धुऊन मगच उभे राहायचे, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेले. आज मात्र मला बोलायचे आहे ते माझ्या ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या धर्मातल्या पाण्याविषयी. हा शेजार जुना आहे. अमेरिकन मराठी मिशनचे लोक नगरला आले ते १८३१ साली. इथून जवळच, श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावला, दर सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते आणि तिथे सर्व जातिधर्मांची माणसे जातात.

ख्रिस्ती धर्मात पाणी म्हटले की आधी आठवतो तो बाप्तिस्मा. कॅथलिक मंडळी त्याला स्नानसंस्कार म्हणतात. कोणी डोक्यावर पाणी घालतात, कोणी माणसाला पाण्यात पूर्ण बुडवून वर काढतात. अर्थ एकच. जुना माणूस पाण्यात मेला, नवा बाहेर आला. स्वतः येशूने यार्देन नदीत योहानाकडून बाप्तिस्मा घेतला. आम्ही मुसलमान त्या योहानाला हजरत याह्या म्हणतो आणि पैगंबर मानतो.

पण मला अधिक जवळची वाटते ती योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीची गोष्ट. भर दुपारची वेळ. चालून थकलेला येशू याकोबाच्या विहिरीच्या काठावर बसला आहे. शिष्य अन्न आणायला गावात गेले आहेत. एक शोमरोनी बाई पाणी भरायला येते. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत. तिच्याकडे येशू पाणी मागतो. ती चकित होते. यहुदी माणूस आपल्या हातचे कसे पिणार, हा तिचा पहिला प्रश्न आहे. विहीर खोल आणि याच्याजवळ पोहरासुद्धा नाही, हेही ती लक्षात आणून देते. मग येशू तिला जिवंत पाण्याविषयी सांगतो. ते ज्याला मिळाले त्याच्या आतच झरा होतो.

'जिवंत पाणी' हा शब्द आपल्याला कोणी समजावून द्यायला नको. विहीर खोदताना कातळातून झरा फुटला की आपला शेतकरी 'जिवंत झरा लागला' असेच म्हणतो. साठवलेले पाणी वेगळे आणि वाहते वेगळे. येशूच्या काळीही जिवंत पाणी म्हणजे वाहते पाणी असाच अर्थ होता.

या गोष्टीवर प्रवचने होतात ती बहुधा जिवंत पाण्यावर. मी थांबतो ते त्याच्या आधी. जो जन्माची तहान भागवण्याची भाषा करतो, तो सुरुवात करतो ती समोरच्याकडे पाणी मागून. आणि मागतो कोणाकडे, तर जिच्या भांड्याचा विटाळ मानला जाई तिच्याकडे. पुढे ती बाई घागर तिथेच टाकून गावात धावत जाते, गावकरी येशूला राहण्याचा आग्रह करतात आणि तो दोन दिवस त्यांच्यात राहतो. म्हणजे त्यांच्या हातचे अन्नपाणी घेतो.

महाराष्ट्रात ही गोष्ट परकी राहूच शकत नाही. महात्मा फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला तो १८६८ साली. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी २० मार्च १९२७ पर्यंत वाट पाहावी लागली. आपल्या जिल्ह्यात महार आणि मांग समाजातल्या पुष्कळ कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांना देवळात बाप्तिस्म्याचे पाणी मिळाले. गावच्या विहिरीचे मात्र अनेक ठिकाणी मिळाले नाही. पाण्याच्या प्रतीकावर बोलताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा मुंबईत १० फेब्रुवारी १८९५ रोजी झाला. लक्ष्मीबाई मागे राहिल्या. पुढे एकत्र आल्यावरही त्यांनी काही काळ आपले सोवळे सांभाळले. नगर आणि आमच्या तालुक्याचे राहुरी, ही दोन्ही गावे त्यांच्या संसाराने पाहिली. 'स्मृतिचित्रे' वाचताना मला एक क्रम फार मोलाचा वाटतो. जातिभेद माणसाने केला, देवाने नव्हे, हे त्यांना पटले आणि कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे त्यांनी ठरवले. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. आधी पेला, मग संस्कार.

टिळकांचेही पुढचे पाऊल पाहा. १९१७ साली त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तशिष्यांचा हा बंधुभाव होता. ज्याने स्वतः त्या पाण्यासाठी घरदार आणि जात सोडली, त्यानेच त्या पाण्याची भिंत होऊ दिली नाही. १९१९ साली ते गेले, पण त्यांचा प्रश्न उरला आहे. आपल्याला पवित्र करणारे पाणी दुसऱ्याला दूर ठेवण्यासाठी आहे का?

तो प्रश्न मलाही लागू आहे. लहानपणी एका मित्राच्या घरी मला पाणी मिळे, पण वरून, ओंजळीत. भांड्याला हात लागत नसे. आईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "तहान भागली ना? त्यांच्याबद्दल वाईट बोलू नकोस. पण आपल्या दारी कोणी आला तर तांब्या त्याच्या हातात द्यायचा." तिला अक्षरओळख नव्हती. मी बी. ए. झालो, कविता लिहिल्या, पण त्या वाक्यापुढे फार गेलो नाही.

शेवटच्या न्यायाच्या वेळी देव काय विचारील, हे मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. मी तहानेला होतो, तुम्ही पाणी दिले की नाही, असा त्याचा आशय. आमच्याकडे 'सहीह मुस्लिम' या हदीसच्या संग्रहात जवळजवळ हेच येते. अल्लाह माणसाला म्हणेल की मी पाणी मागितले आणि तू दिले नाहीस. तू तर साऱ्या जगाचा पालनकर्ता, तुला मी कसे पाजणार, असे माणूस विचारील. त्यावर उत्तर मिळेल की अमुक एक जण तुझ्याकडे आला होता, त्याला पाजले असतेस तर ते माझ्यापाशी पोहोचले असते. दोन धर्म, दोन भाषा, पण दारात उभा असलेला तहानेला एकच. क्रुसावरच्या शेवटच्या घटकांमध्येही येशू तहान लागल्याचे सांगतो.

आता थोडे घरचे बोलतो. आपल्या धरणांतून खाली जायकवाडीला पाणी सोडायचे म्हटले की चौकातले वातावरण तापते. समन्यायी वाटपाचा कायदा २००५ साली झाला. त्याचा हिशेब अभियंत्यांनी आणि न्यायालयांनी करावा; आपल्या उसाची आणि बागांची काळजीही खरी आहे. पण खालच्या माणसाची तहानच खोटी आहे, असे बोलू लागलो की आपण त्या विहिरीवरून घागर घेऊन परत फिरलो म्हणून समजा.

म्हणून एवढीच विनंती. आज घरी कामाला येणाऱ्या बाईला, रस्ता झाडणाऱ्याला, पत्र घेऊन येणाऱ्याला पाणी विचारा. घरातल्याच पेल्यात द्या. आणि कधी त्यांच्या दारी गेलात, तर तुम्ही मागून घ्या. देणे त्या मानाने सोपे असते. मागून पिताना आपला मोठेपणा खाली ठेवावा लागतो, आणि याकोबाच्या विहिरीवर येशूने आधी तेच केले.

नमस्कार.